एप्रिल व्हीलर: एक लग्न, एक मृत्यू आणि त्यामधले निर्णय

हे प्रकरण का निवडलं

कौटुंबिक समुपदेशनात आलेल्या जोडप्यांच्या नोंदी बाहेर मांडणं अवघड असतं. नावगाव बदललं तरी घरातलं भांडण त्या घरातली माणसं बरोबर ओळखतात. म्हणून या मांडणीसाठी मी पडद्यावरचं एक जोडपं घेतलं आहे: सॅम मेंडिस यांच्या 'रेव्होल्यूशनरी रोड' (२००८) या चित्रपटातले फ्रँक आणि एप्रिल व्हीलर. लिओनार्दो डिकॅप्रिओ आणि केट विन्स्लेट यांनी या भूमिका केल्या आहेत. मूळ कादंबरी रिचर्ड येट्स यांची, १९६१ सालची. माणसं काल्पनिक आहेत, पण त्यांच्याभोवतीचा कायदा, नोकऱ्या, घरकर्ज आणि दवाखाने १९५५ च्या अमेरिकेतले, खरे आहेत. चित्रपट पाहिला नसेल त्यांनी लक्षात घ्यावं, पुढे शेवटही सांगितला आहे.

या चित्रपटावरची चर्चा बहुतेक वेळा 'संसार कसा विस्कटला' इथेच थांबते. मला इथे दोन वेगळ्या घटना दिसतात. लग्न मोडलं ते दोघांच्या हातून. एप्रिल गेली ती मात्र तिला डॉक्टर मिळू शकत नव्हता म्हणून. पहिल्या घटनेच्या दुःखात दुसरी झाकली जाते आणि तिचा मृत्यू म्हणजे भांडणाचाच शेवट असं वाटू लागतं. तसं वाटू दिलं तर आपल्या कामातही घात होतो. आपण जोडप्याला सांधत बसतो आणि बाईचा जीव धोक्यात आहे हे विचारायचं राहून जातं.

पार्श्वभूमी

युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी अमेरिकेनं १९४४ मध्ये कायदा केला. त्यातून शिक्षणाला पैसे मिळाले आणि सरकारी हमीवर घरासाठी कर्ज मिळालं. शहरांबाहेरच्या शेतजमिनींवर वसाहती उठल्या. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात सतरा हजारांहून जास्त घरं बांधली गेली. काळ्या कुटुंबांना ती मिळू नयेत अशी अट सुरुवातीच्या करारांतच घातलेली होती. ज्या गोऱ्या कुटुंबांना घर मिळालं त्यांच्या घरी दिवसाचं एकच वेळापत्रक ठरलं: नवरा सकाळच्या गाडीनं शहरात, बायको दिवसभर घरात. युद्धाच्या काळात कारखान्यांत काम केलेल्या बायकांना पुरुष परतल्यावर कामावरून दूर केलं गेलं. लग्नं लवकर होत, मुलं लगेच होत.

फ्रँक युद्धात युरोपला जाऊन आलेला. एका पार्टीत तो एप्रिलला भेटतो तेव्हा त्याचं काही ठरलेलं नाही. बोलायला मात्र तो विलक्षण. पॅरिसची माणसं खऱ्या अर्थानं जगतात असं तो सांगतो आणि एप्रिलला तो इतरांहून वेगळा वाटतो. ती अभिनय शिकत असते. पहिलं मूल न ठरवता राहतं. मग कनेक्टिकटमधलं टुमदार घर येतं. मग पहिलं मूल ही चूक नव्हती हे स्वतःला पटवण्यासाठी दुसरं. ही साखळी पुढे एप्रिल स्वतःच बोलून दाखवते. फ्रँक न्यूयॉर्कमधल्या एका यंत्रं विकणाऱ्या कंपनीत लागतो. त्याच्या वडिलांनी तिथेच आयुष्य काढलेलं, आणि आपण वडिलांसारखे होणार नाही असं तो तरुणपणी म्हणत आलेला.

अडचण

प्रकरणाची नोंद सुरू होते ती एका फसलेल्या नाटकापासून. गावातल्या हौशी मंडळींनी नाटक बसवलेलं, एप्रिल त्यात प्रमुख भूमिकेत. प्रयोग पडतो. घरी परतताना फ्रँक तिची समजूत काढू लागतो. ती एवढंच मागते की आत्ता त्यावर बोलू नकोस. तो थांबत नाही. गाडी रस्त्याच्या कडेला लागते, ती उतरून चालू लागते, तो मागे जातो. शब्द वाढत जातात, तो हात उगारतो आणि मूठ गाडीच्या टपावर आपटतो.

हा पहिला निर्णयाचा क्षण आणि तो सहज निसटतो. बोलून मोकळं व्हावं ही फ्रँकची गरज खोटी नव्हती. गप्प राहू द्यावं ही एप्रिलची गरजही तितकीच खरी होती. तिनं 'आत्ता नको' म्हटलं, 'कधीच नको' म्हटलं नाही. पण फ्रँकसाठी न बोलणं म्हणजे हरणं, म्हणून तो तिच्या मागे रस्त्यावर उतरला. पुढचं प्रत्येक मोठं भांडण याच चालीनं जातं: ती बाजूला होऊ पाहते, तो वाट अडवतो. उगारलेला हात तिच्यावर पडला नाही, पण नोंदीत तो लिहायलाच हवा.

तिसाव्या वाढदिवशी फ्रँक ऑफिसमधल्या एका तरुण मुलीबरोबर दुपार घालवतो. संध्याकाळी घरी येतो तर बायको आणि मुलं केक घेऊन उभी. त्याच रात्री एप्रिल पॅरिसचा विषय काढते.

दोघांची अडचण वेगवेगळी होती. फ्रँकला भीती होती की आपण चारचौघांसारखेच आहोत. एप्रिलला भीती होती की हेच आयुष्य आता असंच राहणार. तिनं आपली सगळी महत्त्वाकांक्षा त्याच्या नावावर टाकली होती. पॅरिसच्या बेतात ती पुन्हा अभिनय करणार नव्हती. ती नोकरी करणार आणि फ्रँकनं मोकळा वेळ घेऊन आपल्याला काय व्हायचं आहे ते शोधायचं, असं ठरत होतं. बेत उदार होता. पण तो स्वीकारायचा तर फ्रँकला तोंडानं जे सांगत आला ते करून दाखवावं लागणार होतं, आणि त्याच्याकडे दाखवण्यासारखं काही होतं की नाही हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

समोरचे पर्याय

पॅरिसला जाणं हा पहिला पर्याय. शेजारी, ऑफिसमधले सोबती, सगळे याला वेडेपणा समजतात. मला तो तेवढा वेडा वाटत नाही. १९५५ मध्ये नाटोचं मुख्यालय पॅरिसमध्येच होतं आणि युरोपातल्या सरकारी कचेऱ्यांमध्ये सेक्रेटरींना पगार चांगला मिळतो हे एप्रिलनं माहीत करून घेतलं होतं. त्या वेळी एका डॉलरला फ्रान्सच्या चलनातले ३५० फ्रँक मिळत. घर आणि गाडी विकून वर्षभर काढणं हिशेबात बसण्यासारखं होतं. हिशेब बसला नाही तो दुसऱ्याच ठिकाणी: फ्रँक तिथे दिवसभर नेमकं काय करणार, यावर दोघांनी एकदाही नेटानं बोलणी केली नाहीत.

दुसरा पर्याय, आहे तिथेच राहणं. जायचंच आहे म्हणून फ्रँक ऑफिसातलं एक काम बेफिकिरीनं उरकतो. तेच वरिष्ठांना आवडतं आणि संगणक विकणाऱ्या नव्या गटात त्याला बढती देऊ करतात. आयबीएमचा ६५० हा संगणक १९५४ मध्ये बाजारात आला होता, धंदा खरोखर वाढणार होता. ही संधी पोकळ नव्हती. फ्रँकला ती हवीही होती. तसं घरी उघड सांगणं त्याला जमलं नाही.

तिसरा पर्याय कोणीच मांडला नाही. एप्रिलनं न्यूयॉर्कमध्ये नोकरी धरावी, पॅरिस एक वर्ष पुढे ढकलावं. जी बाई परक्या देशात घर चालवायला तयार होती तिनं गाडीनं तासाभराच्या अंतरावर काम करावं हे कुणाला सुचलं नाही. त्या काळात लहान मुलांच्या आईनं नोकरी करणं म्हणजे नवऱ्याची कमाई पुरत नाही असा अर्थ काढला जाई, आणि फ्रँकला तोच अर्थ सर्वात जास्त बोचला असता.

वेगळं होणं हा चौथा. कनेक्टिकटमध्ये तेव्हा घटस्फोटासाठी समोरच्याचा दोष सिद्ध करावा लागे: व्यभिचार, क्रूरता, सोडून जाणं. आमचं पटत नाही एवढं कारण पुरत नसे. अमेरिकेत घटस्फोटातून दोषाची अट पूर्णपणे पहिल्यांदा काढली ती कॅलिफोर्नियानं, १९७० पासून.

मग एप्रिलला दिवस जातात आणि सगळ्या पर्यायांचं वजन बदलतं. इथे जरा थांबायला हवं. कनेक्टिकटमध्ये १८७९ चा एक कायदा होता. त्यानुसार संततिनियमनाचं साधन वापरणं हाच गुन्हा होता, नवरा-बायकोनं वापरलं तरीसुद्धा. मुंबईत र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र १९२१ मध्ये सुरू केलं होतं. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवन शहरात १९६१ मध्ये असं केंद्र उघडणाऱ्यांना अटक झाली. त्याच खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्ये तो कायदा रद्द केला. चित्रपटातल्या घटनांनंतर दहा वर्षांनी.

गर्भपात तर बेकायदाच. पण एक चिंचोळी वाट होती. मोठ्या इस्पितळांत डॉक्टरांच्या समित्या असत. बाईच्या जिवाला धोका आहे असं त्यांना पटलं तर परवानगी मिळे. पन्नासच्या दशकात मानसोपचारतज्ज्ञांच्या पत्रावर अशा परवानग्या मिळू लागल्या होत्या, त्याही बहुधा पैसेवाल्या गोऱ्या बायकांना. बऱ्याच ठिकाणी नवऱ्याची संमती मागत. एप्रिल या वाटेनं गेली असती का, सांगता येत नाही. पण फ्रँकनं ही वाट त्याला नकळतच बंद केली, ते पुढे येतंच. त्याच १९५५ साली न्यूयॉर्क राज्यात डॉक्टर आणि अभ्यासकांची गर्भपातावर परिषद भरली होती. देशात दर वर्षी २ लाख ते १२ लाख गर्भपात होत असावेत असा अंदाज तिथल्या तज्ज्ञांनी मांडला. आकड्यांमधली ही दरीच सांगते की सगळं किती अंधारात चाललेलं होतं.

काय घडत गेलं

एप्रिल घरच्या घरी गर्भपात करण्याचं रबरी साधन आणून ठेवते. बारा आठवड्यांच्या आत केलं तर धोका नाही, असं तिनं शिकत असताना मैत्रिणींकडून ऐकलेलं. तेवढीच तिची वैद्यकीय माहिती. फ्रँकच्या हाती ते साधन लागतं आणि तो संतापतो. नॉर्मल बाई असं करणार नाही, तुला डॉक्टरची गरज आहे, असा सूर तो लावतो. डॉक्टर म्हणजे मनाचा डॉक्टर.

या प्रकरणातला सर्वात घातक क्षण मला हा वाटतो. मूल हवं की नको यावर दोघांचं मत वेगळं असू शकतं. फ्रँकला खरंच मूल हवं होतं की पॅरिसमधून सुटका हवी होती, हेही मोकळेपणानं बोलता आलं असतं. त्याऐवजी त्यानं तिच्या म्हणण्याला आजार ठरवलं. ज्या काळात मनोरुग्णालयात विजेचे झटके सर्रास दिले जात, त्या काळात ही नुसती टोचणी राहत नाही. शेजारच्या मिसेस गिव्हिंग्ज यांचा मुलगा जॉन अशाच इस्पितळातून सुट्टीवर येत असतो, झटके घेऊन गणित हरवून बसलेला. 'तुझं डोकं ठिकाणावर नाही' याचा परिणाम काय होतो ते एप्रिलच्या समोर बसलेलं होतं. त्यानंतर मानसोपचाराच्या वाटेनं मदत मागणं तिला शक्यच नव्हतं.

बारा आठवडे उलटून जातात. पॅरिस रद्द होतं. रद्द झालं असं दोघं मिळून ठरवत नाहीत. मुदत संपल्यावर फ्रँक ते जाहीर केल्यासारखं करतो. एका रात्री बारमधून परतताना एप्रिल शेजारच्या शेपबरोबर गाडीत जवळ येते, प्रेम म्हणून नव्हे. मग फ्रँक तिला ऑफिसमधल्या मुलीबद्दल सांगून टाकतो. तिचा प्रश्न एवढाच असतो की मला हे का सांगितलंस. त्याला वाटलं होतं की खरं बोलल्यावर ती रडेल, चिडेल, काहीतरी होईल. तिला काहीच वाटत नाही, आणि आपलं त्याच्यावर प्रेम उरलेलं नाही हे तिच्या त्याच क्षणी ध्यानात येतं. गुपित उघड करणं नेहमी नात्याच्या भल्याचं असतं असं नाही. मला इथे ती कबुली म्हणजे मन हलकं करून घेण्याचा प्रयत्न वाटते, आणि भार तिच्या अंगावर पडतो.

जॉन गिव्हिंग्ज जेवायला येतो आणि कुणी जे बोललं नाही ते बोलतो: पॅरिस टाळायला फ्रँकला या पोटाचा आडोसा मिळाला. मायकल शॅनन यांनी हा प्रसंग असा केला आहे की खोलीतली हवा तापलेली जाणवते. या भूमिकेसाठी त्यांना ऑस्करचं नामांकन मिळालं होतं. प्रशिक्षणात हा प्रसंग दाखवला की काही जण जॉनला 'खरं बोलणारा एकटाच' म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. त्याचं निदान बरोबर होतं, पण ते ऐकल्यावर त्या घरात पुढे काय होईल याची काळजी त्याला नव्हती. सगळे निघून गेल्यावर फ्रँकचा उरलासुरला तोल जातो. भांडणाच्या भरात तो म्हणतो की तू ते मूल आधीच पाडलं असतंस तर बरं झालं असतं.

एप्रिल घराबाहेर पळते, रानात जाऊन उभी राहते, अंधार पडल्यावर परतते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती फ्रँकसाठी अंडी करते आणि त्याच्या नव्या कामाबद्दल विचारते. तो उत्साहानं संगणक कसा चालतो ते समजावतो. घर शांत झालं असं त्याला वाटतं. तो कामाला जातो.

परिणाम

ती एकटीच घरात गर्भपात करायचा प्रयत्न करते. रक्तस्राव थांबत नाही. स्वतः फोन करून मदत मागते. इस्पितळात तिचा मृत्यू होतो.

फ्रँक मुलांना घेऊन शहरात राहायला जातो. शेजारचा शेप बायकोला सांगतो की व्हीलरांचा विषय पुन्हा नको. त्यांना ते घर दाखवणाऱ्या मिसेस गिव्हिंग्ज काही दिवसांनी त्या दोघांचे दोष सांगत बसतात आणि त्यांचा नवरा कानातल्या यंत्राचा आवाज कमी करतो. वसाहतीनं हे प्रकरण फार लवकर मिटवलं. मृत्यूचं कारण कुणी तोंडानं उच्चारत नाही, आणि न उच्चारल्यामुळेच पुढच्या बाईला त्यातून काही शिकायला मिळत नाही.

वेगळं काय करता आलं असतं

लग्नाच्या बाजूनं पाहिलं तर दुरुस्तीची जागा पॅरिस ठरवतानाच होती. एप्रिलनं बेत पूर्ण तयार करून पुढे ठेवला आणि फ्रँक त्याच रात्री 'हो' म्हणाला. दोघांनी वही घेऊन बसायला हवं होतं: तुला तिथे सकाळी उठून काय करायचं आहे, मला काय करायचं आहे, सहा महिन्यांनी नाही जमलं तर काय. फ्रँक तेव्हाच म्हणाला असता की मला भीती वाटते, तर लग्न वाचलं असतं असं मी म्हणणार नाही. कदाचित ते दोघं वेगळे झाले असते. तेही चाललं असतं. दोन मुलांची आई जिवंत राहिली असती.

शेजाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर शेपची बायको मिली ही एकच बाई एप्रिलच्या रोजच्या जवळची. पण त्यांच्या बोलण्यात पाहुणचार आणि मुलं यांपलीकडे काही येत नाही. एप्रिलचं एकटीचं ऐकून घेणारं माणूस नव्हतं. जो ऐकायला येत असे त्याला तिच्याकडून काहीतरी हवं असे.

समुपदेशक म्हणून त्या शेवटच्या सकाळकडे मला वारंवार परत यावं लागतं. मोठ्या भांडणानंतर अचानक आलेली शांतता, गोड बोलणं, प्रत्येक गोष्ट नीटनेटकी करणं. जोडपं पुढच्या भेटीला असं आलं की 'आता बरं चाललंय' अशी नोंद करायचा मोह होतो. एप्रिलनं त्या वेळी ठरवून टाकलेलं होतं. समेट झाला की कुणीतरी मनातून निर्णय घेऊन मोकळं झालं, हे दोघांना एकत्र बसवून कळत नाही. एकटीला भेटावं लागतं.

आणि मृत्यूच्या बाजूनं पाहिलं तर दुरुस्ती त्या घरात नव्हतीच. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयानं गर्भपाताचा हक्क १९७३ मध्ये मान्य केला आणि २०२२ मध्ये काढून घेतला. त्यामुळे आज तिथल्या काही राज्यांत हे प्रकरण पुन्हा वर्तमानकाळात आलं आहे. आपल्याकडे महाराष्ट्राचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या अहवालावरून १९७१ चा कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतावर आणि ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मतावर गर्भपात करता येतो. सज्ञान बाईची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यात कुठेही मागितलेली नाही, तरी अनेक दवाखान्यांत ती मागितली जाते, आणि बायका ती मिळणार नाही म्हणून परत फिरतात किंवा मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतात.

म्हणून अशा जोडप्यात बाईला दिवस गेले आहेत असं कळलं की पहिल्याच भेटीत तिला नवऱ्याशिवाय वेगळं बसवावं. शेवटच्या पाळीची तारीख विचारावी. तिनं आधीच काही घेतलं किंवा केलं आहे का, रक्त जातंय का, हे सरळ शब्दांत विचारावं. मूल ठेवायचं की नाही हे तिच्यावर सोडावं, आणि दोन्ही बाजूंसाठी जवळच्या सरकारी रुग्णालयाचा किंवा मान्यताप्राप्त केंद्राचा पत्ता, वेळ आणि सही तिच्या एकटीचीच लागते ही माहिती तिच्या हातात लिहून द्यावी. संसाराबद्दलची बोलणी त्यानंतरच्या भेटीत सुरू केली तरी चालतात.